सोमवारचा पाहुणा

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना शब्दाचा अर्थ सांगितलेला खपत नसे. कोणी हात वर करून अर्थ सांगू लागलं की ते तळहात पुढे करून थांबवत. "अर्थ कोशात आहे, तो कुठे पळून जात नाही. तुम्ही घर दाखवा."

घर म्हणजे काय ते सांगते. दर सोमवारी पहिल्या तासाला फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ते एक इंग्रजी विशेषण लिहीत. आडवाटेचं, परीक्षेत येण्याची सुतराम शक्यता नसलेलं. त्याला ते पाहुणा म्हणत आणि त्याचा कोशातला अर्थ स्वतःच एकदा सांगून टाकत. पाहुण्याला शनिवारपर्यंत गावात घर मिळालं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. म्हणजे तो शब्द ज्याला नेमका लागू पडेल असं गावातलं माणूस, जनावर, झाड, काहीही आम्ही शोधायचं आणि शनिवारी वर्गापुढे पुराव्यानिशी मांडायचं. पुरावा पटला तर मास्तर एका लांबट वहीत त्या शब्दासमोर घराचं नाव लिहीत. नाही पटला तर तो शब्द वहीच्या मागच्या पानांवर जाई. त्या पानांवर मथळा होता, 'बेघर'.

'टॅसिटर्न' हा शब्द खाडीवरच्या तरवाल्याला मिळाला. आमच्या वर्गातल्या दाजीने एक अख्खा रविवार त्याच्या होडीत बसून काढला होता आणि तरवाला दिवसभरात तीनच शब्द बोलतो असं सिद्ध केलं होतं. बस, दी, उतर. 'युबिक्विटस' भटांच्या काळ्या कुत्र्याला गेला. ते लग्नात असे, मयताला असे, शाळेच्या व्हरांड्यात असे, आणि मालवणच्या बाजारातही त्याला पाहिलेले दोन साक्षीदार होते. 'गॅर्युलस' माझ्या बडबड्या आतेला मिळाला. तिला कोणीतरी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ती आमच्या घरात चार दिवस कोणाशी बोलली नाही. मग शब्द परत घ्यावा का, असा प्रश्न दाजीने वर्गात मांडला. मास्तरांनी पाचव्या दिवसापर्यंत थांबायला सांगितलं. पाचव्या दिवशी आते बोलू लागली आणि शब्द तिच्याकडेच राहिला.

हे सगळं पन्नासचं दशक संपत आलं तेव्हाचं. आमचं गाव मालवणपासून पायी तासाभराच्या अंतरावर, खाडीच्या अलीकडे. शाळा दहाएक वर्षांची, मॅट्रिकचा वर्ग त्याहून नवा, आणि त्या वर्गात आम्ही दोघी मुली. इंग्रजी शिकवणारा माणूस पंचक्रोशीत एकच, तो म्हणजे हे मास्तर.

मास्तर उंच, किडकिडीत, खांद्यात वाकलेले. बारा महिने छत्री. घड्याळ होतं, पण ते शाळेच्या घड्याळाशी जुळवत नसत; मुंबईची बोट मालवणला लागताना भोंगा देई, तो वाऱ्यावर आमच्याकडे ऐकू येई, त्यावर ते लावत. बोटीला उशीर झाला की त्यांचं घड्याळ मागे पडे, आणि शेवटचा तास त्यांचा असला की आमची शाळा उशिरा सुटे. मुलांना ते अहोजाहो करत. आठवीतल्या शेंबड्या पोरालाही "या, बसा, काय अडलं आपलं?" असं विचारत. गावातले सगळे मालवणीत बोलायचे, मास्तर मात्र रस्त्यावर, दुकानात, तरवाल्याशीसुद्धा पुस्तकासारखं मराठी बोलत. त्यामुळे लोक त्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे जात नसत. त्यांचं घर खाडीच्या वरच्या अंगाला, शेवटचं. त्यापुढे कातळ.

त्या घरात ते एकटे राहत. बायको होती, पण मुंबईला होती. आणि हीच त्यांची गावातली खरी ओळख.

आमच्याकडे नवरे मुंबईला असत आणि बायका गावात. माझे वडील गोदीत होते. दाजीचे वडील कुठल्याशा छापखान्यात. महिन्याला मनीऑर्डर, वर्षाला पंधरा दिवस माणूस. मास्तरांच्या घरी सगळं उलटं. बायको मुंबईच्या इस्पितळात नर्स, आणि नवरा गावात तिची वाट बघत. तिला मुंबईला पोचवून आले होते तेही मास्तरच. त्यांचं पहिलं मूल पावसाळ्यात जन्मतानाच गेलं होतं. खाडी दुथडी भरलेली, पलीकडच्या नर्सला आणायला तरवाल्याची होडी सुटेना. मास्तरीणबाई धामापूरच्या. त्या बाळंतपणातून उठल्यावर म्हणाल्या की या काठाला शिकलेली एक तरी बाई हवी, ती मीच होईन. मास्तरांनी आपल्या आईशी भांडण पत्करलं आणि त्यांना घेऊन बोटीत बसले. तीन वर्षांचं शिक्षण झालं. इकडे दवाखाना होणार, नर्सची जागा निघणार, असं दरवर्षी कोणीतरी सांगे. जागा काही निघाली नाही. बाई तिकडेच नोकरीला लागल्या. असं करत आठ वर्षं झाली होती.

गाव म्हणे, मास्तरान बायलेक मुंबयक धाडल्यान नि आपण हय पत्रां लिवता. यातलं पत्रांचं खरं होतं. मास्तर रोज एक पत्र टाकत. शाळेत येताना पोस्टाच्या पेटीपाशी थांबत, पत्र आत सोडत आणि पेटीवर हलकी थाप मारत, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

मास्तरीणबाई शिमग्याला येत. तेव्हा त्यांना आणायला मास्तर धक्क्यावर जात. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येत. वाट बघणाऱ्यांत सगळ्या बाया आणि पोरं, हमाल सोडले तर जाणता पुरुष असा एकटे मास्तर. आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. बाई उतरल्या की मास्तर त्यांची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेत आणि त्यांच्या मागून चालत. आमच्याकडे नवरा पुढे आणि बाई बोचकं घेऊन चार पावलं मागे, ही रीत. त्यामुळे त्या दोघांची ती तासाभराची चाल हा दर वर्षी गावाचा एक खेळच असे. लोक अंगणात येऊन बघत.

बाई असताना माझ्या आईला कळा सुरू झाल्या आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्या हातावर जन्मला. तेव्हापासून दोघींची मैत्री झाली. त्यामुळे आतली गोष्ट आमच्या घरात माहीत होती. बाईंना इस्पितळाजवळ खोली मिळाली होती. त्या मास्तरांना बोलवत होत्या. मुंबईत शाळा काही कमी नाहीत, या, असं दरवर्षी सांगून जात. मास्तर म्हणत, येतो, ही मॅट्रिकची बॅच होऊ दे. बॅच होई, पुढली येई. मी मॅट्रिकच्या वर्गात जायच्या आधीच्या शिमग्याला बाई आईला म्हणाल्या होत्या की आता मी फार वेळा विचारणार नाही. एखाद्या वर्षी विचारायची राहीन आणि मग ते राहूनच जाईल. आईने हे मला सांगितलं ते भात निवडता निवडता, फारसं महत्त्व न देता. पण मी ऐकलं होतं.

आता तो सोमवार. दिवाळीची सुट्टी संपून महिना झाला होता.

पाहुणा निवडायची मास्तरांची पद्धत ठरलेली होती. त्यांचा कोश मुंबईच्या फुटपाथवरून घेतलेला, सुरुवातीची बरीच पानं गेलेली. दर सोमवारी एकेका विद्यार्थ्याने डोळे मिटून त्यात माडाच्या झावळीची काडी, हीर, खुपसायचा. जे पान उघडेल त्यावरचं पहिलं अनोळखी विशेषण तो पाहुणा. त्या दिवशी पाळी माझी होती. मी हीर खुपसला. मास्तरांनी पान उघडलं, बोट वरून खाली नेलं, एका जागी थांबवलं. मग त्यांनी कोश मिटला, परत उघडला. आम्हाला वाटलं, शब्द वाचता येत नाही की काय. शेवटी ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी लिहिलं, 'अक्सोरिअस'.

"विशेषण," ते म्हणाले. "पुरुषाला लागतं. बायकोवर जरुरीपेक्षा जास्त माया करणारा."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "यात 'जास्त' आहे, ते विसरू नका," असं म्हणाले. "नुसत्या मायेला हा शब्द द्यायचा नाही. शब्द थोडा टोचणारा आहे. ज्याच्याबद्दल वापराल त्याला तो आवडणार नाही."

मग नेहमीचा धडा सुरू झाला.

त्या आठवड्यात आम्ही गाव पालथं घातलं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की बायकोवर जास्त माया करणारा तर सोडाच, मुळात नवरा सापडणंच कठीण आहे. आमच्या वाडीत पन्नाशीच्या आतले, हातपाय धड असलेले पुरुष बोटांवर मोजण्याइतके. मी घरी आईलाच विचारलं की बाबा तुझ्यावर जास्त माया करतात का. आई नारळ किसत होती. तिने विळीवरून मान वर केली नाही.

"वर्सात पंधरा दिस येतत. तेतूर जास्त काय नि कमी काय?" ती म्हणाली. "वही ठेव नि पाणी हाड."

शनिवारी बहुतेक सगळे हात हलवत आले. दाजीने सोनाराचं नाव पुढे केलं. सोनाराने बायकोची नथ तीनदा मोडून तीनदा घडवली होती, तिला पसंत पडेपर्यंत. मास्तरांनी विचारलं, तिसऱ्यांदा पसंत पडली नसती तर काय झालं असतं? दाजी म्हणाला, तिने त्याला घरात घेतलं नसतं. "मग ही भीती," मास्तर म्हणाले. "भीतीला वेगळे शब्द आहेत. ते येतील कधीतरी." दुसऱ्या मुलीने देवळाच्या गुरवाचं नाव घेतलं. तो देवाच्या चाफ्याची पहिली फुलं बायकोला नेऊन देतो. चौकशीत निघालं की बायको त्याच्या वेण्या करून विकते. "हा धंदा," मास्तर म्हणाले आणि वहीची मागची पानं उघडू लागले.

तेव्हा मी उभी राहिले.

मला आजही सांगता येईल की माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मला फक्त शब्द बेघर जाऊ द्यायचा नव्हता. माझ्या हिराने निघालेला शब्द होता तो. आणि पुरावा तर सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही."

कोणी हसलं नाही. दाजीने बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी ओळीने पुरावे सांगितले. तुम्ही रोज पत्र टाकता, इतर कोणी महिन्यातून एक टाकतो. तुम्ही धक्क्यावर बायांमध्ये उभे राहता. तुम्ही ट्रंक उचलता. तुम्ही मागून चालता. घड्याळ बोटीवर लावता, आणि बोटीत बाई नसतात तेव्हाही लावता. हा शेवटचा पुरावा मला बोलता बोलता सुचला आणि मी स्वतःवर खूश झाले.

मास्तर खुर्चीत बसले. वर्गात ते कधी बसत नसत. वही उघडी, टाक हातात.

"पुरावे खरे आहेत," ते म्हणाले. "एकही नाकारत नाही. निष्कर्ष मात्र चुकला."

मी म्हटलं, "कसा?"

"हा शब्द ज्याला लागू पडतो तो माणूस बायकोला आठ वर्षं एका दिवसाच्या बोटीच्या अंतरावर ठेवून पत्रं लिहीत नाही. तो बोटीत बसतो. लोक हसतात, नोकरी जाते, नर्सचा नवरा म्हणून ओळखतात, पण तो जातो. म्हणून त्याला 'जास्त' म्हणायचं. माझी माया सोयीची आहे. हा शब्द मला लागू असता तर मी आज तुमच्यासमोर नसतो."

त्यांनी शब्द मागच्या पानावर लिहिला. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. मग तास संपायला बराच अवकाश असताना आम्हाला म्हणाले, "या आता आपण."

दाजी बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काय गरज होती गो? सोनार काय वायट होतो?"

पुढच्या सोमवारी फळ्याचा कोपरा रिकामा होता. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या सोमवारी मास्तरांनी सांगितलं की ते माघी गणपती झाला की मुंबईला जात आहेत. त्याआधी पोर्शन पुरा होईल. सकाळी सातला जादा तास.

दीड महिना आम्ही त्या सातच्या तासाला गेलो. दव असे, शाळेची किल्ली मास्तरांकडे, ते आमच्याआधी येऊन बाकं पुसून ठेवत. निबंध, पत्र, उतारा, भाषांतर. एकदाही ते विषयाबाहेर गेले नाहीत. इतकं सरळ शिकवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. शाळेच्या चेअरमननी त्यांना दोनदा घरी बोलावून समजावलं. मुलांचं नुकसान होईल म्हणाले. मास्तरांनी सांगितलं की मुलांच्या नावावर मी आठ वर्षं काढली, आता मुलांवर आणखी ओझं नको. हे चेअरमनच्या बायकोने आमच्या आईला सांगितलं. आणि हेही सांगितलं की याला कारण तुझी लेक.

आई घरी आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. "झाला समाधान? आता विंग्रजी कोण शिकयतलो, तुझो बापूस?" पण संध्याकाळी तिनेच कोकमं आणि कुळथाची पिशवी बांधून माझ्याकडे दिली, मास्तरांना पोचवायला. म्हणाली, मास्तरणीक निरोप सांगा म्हणा, अखेर इले.

ते गेले त्या दिवशी आम्ही धक्क्यावर गेलो नाही. शाळा होती. भोंगा ऐकू आला तेव्हा भूगोल चालला होता.

परीक्षा झाली. इंग्रजीत मी बऱ्या मार्कांनी पास झाले, दाजी दोन मार्कांनी गेला आणि वडिलांच्या छापखान्यात लागला. त्याने मला कधी बोल लावला नाही. उलट पुढे एकदा म्हणाला की पास झालो असतो तरी छापखान्यातच गेलो असतो, फक्त एक वर्ष उशिरा.

आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मास्तर परत आले होते.

कोणी त्यांना येताना पाहिलं नाही. मेच्या शेवटच्या बोटीला एवढी गर्दी असते की त्यात एक माणूस उतरला काय नि नाही काय. एके सकाळी त्यांच्या घराच्या कौलांतून धूर दिसला, एवढंच. चेअरमननी जागा अजून भरली नव्हती. मास्तर गेले आणि वर्गावर उभे राहिले. लोकांनी चार दिवस तर्क केले. बायलेन हाकललान, असं बहुतेकांचं मत पडलं. बाईंचं तिकडे दुसरं काही असणार, असंही कोणी म्हणालं. मास्तरांना विचारायला कोणी गेलं नाही. त्यांच्याशी बोलायला मुळातच कोणी जात नसे. मी रस्त्यात एकदा भेटले. त्यांनी छत्री बाजूला करून विचारलं, "निबंध कोणता निवडलात?" मी सांगितलं. "बरं केलंत," म्हणाले आणि गेले. मला विचारायचं होतं, का आलात? पण अहोजाहो करणाऱ्या माणसाला असं विचारता येत नाही. अंतर त्याने आधीच आखून ठेवलेलं असतं.

सोमवारचा पाहुणा पुन्हा सुरू झाला, असं धाकट्या मुलांकडून कळे. पत्रं पुन्हा सुरू झाली, ते तर दिसतच होतं. शिमग्याला बाई आल्या. मास्तर धक्क्यावर गेले, ट्रंक घेतली, मागून चालले. सगळं पहिल्यासारखं. लोकांचा तर्क त्यामुळे अडचणीत आला. हाकललेल्या नवऱ्याकडे बायको सुट्टी घेऊन कशाला येईल?

खरं काय ते मला दोन वर्षांनी कळलं. शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी मी मुंबईला गेले. होस्टेल सुरू व्हायला दोन दिवस होते, वडिलांच्या खोलीत अकरा पुरुष राहायचे, तेव्हा आईने मास्तरीणबाईंना पत्र घातलं. मास्तरांनी माझ्याबरोबर आमसुलं आणि एक पाकीट दिलं.

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी, बाहेर अरुंद लोखंडी जिना. त्या रात्रपाळीला होत्या. मी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि त्या नुकत्याच उठल्या होत्या. इस्पितळात बोलायच्या सवयीने आधी शुद्ध मराठीत बोलल्या, मग चहा झाल्यावर मालवणीत. पाकीट त्यांनी उघडून वाचलं, घडी केली आणि खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा भरलेला होता. भरलेले आणखी तीन डबे भिंतीशी होते.

मग स्वतःहूनच म्हणाल्या, "तू तेंका वर्गात काय सांगलंस तां माका म्हायत आसा. तेनी लिवल्यानी होता. मी रागावलंय नाय. तुझ्यामुळे इले तरी."

मी म्हटलं, "मग परत का गेले?"

बाई पाटावरून उठल्या, खिडकी ओढून घेतली. रस्त्याचा आवाज कमी झाला.

"मी रातची ड्यूटी करतंय, दिवसा झोपतंय. खोली ही एवढीच. मी झोपतलंय म्हणान ते भायर जिन्यार जावन बसत. सकाळी आठापासून चार वाजासर. पुस्तक घेवन. कोण वर-खाली गेलो की उठान वाट देत. आणि ते भायर बसलेले आसत, ह्या माझ्या डोक्यात इला की माका नीज येय नाय. आत येवन बसा म्हटलंय, तरी येय नाय. आठ वर्सां एकट्यान झोपाची सवय झाली गो. खोलयेत दुसऱ्याचो श्वास आयकाक इलो तरी जाग येय."

मास्तर नोकरी शोधत होते का, मी विचारलं. शोधत होते, बाई म्हणाल्या. जूनपर्यंत कुठेच जागा नव्हती, आणि जूनपर्यंत थांबता आलं नाही. एका रात्री वॉर्डात त्यांच्या हातून औषधाची बाटली सुटली. पेशंटला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं की शाळा उघडेल, तुम्ही जा.

"तेनी काय म्हटल्यानी?"

"ट्रंक भरल्यानी. माका म्हणाले, तू आता झोप, मी बोट सुटासर धक्क्यार बसतंय." बाईंनी कप विसळून पालथा घातला. "त्या दिवशी मी झोपलंय. उठलंय ता थेट सातांक, ड्यूटीक उशीर झालो."

हे सांगताना त्यांचा आवाज कुठे अडला नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या बाईने ते इतक्या वेळा स्वतःला सांगितलं असणार की त्यातली सगळी टोकं झिजून गेली होती.

साडेसहाला त्या निघाल्या. पांढरी साडी, पायात काळ्या चपला, हातात डबा. मला स्टोव्ह कसा विझवायचा ते दाखवलं, पाणी पहाटे पाचला येतं ते सांगितलं. पायताण घालता घालता थांबल्या.

"रोज पत्र येता. तेतूर सगळो गाव आसता. कोणाक खयचो शब्द मिळालो, कोणाच्या गायक वासरू झाला, तरवालो काय बोललो. ते सोता तेतूर नसतत." मग विचारलं, "जेवतत मा वेळार? सकाळी काय खातत?"

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं शिकले होते. त्यांचं घर रोज लांबून बघितलं होतं. मी आठवून पाहिलं. काहीतरी सांगता आलं असतं, पण बाईंच्या तोंडाकडे बघून खोटं सुचलं नाही.

"माका खबर नाय, बाय," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. दाराची कडी काढली.

"माका पण नाय," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून ड्यूटीवर गेल्या.